फ्लेवर जिभेचा, हिशेब फुफ्फुसाचा

मँगो आइस, ब्लूबेरी, कस्टर्ड, पान-गुलकंद. नावं वाचून एखाद्या आइस्क्रीमच्या दुकानाचं मेनूकार्ड वाटेल. पण ही नावं आहेत व्हेपमध्ये भरायच्या लिक्विडची. पेनसारखं किंवा पेन ड्राइव्हसारखं दिसणारं ते यंत्र तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेल. कदाचित कॉलेजच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी हातातही पाहिलं असेल. आणि "अरे, हे लिक्विड तर घरीपण बनवता येतं, चारच तर वस्तू लागतात," असं सांगणारा एखादा तज्ज्ञ मित्रही भेटला असेल.

मित्र अर्धं खरं सांगतोय. वस्तू चारच असतात. इंग्लंड-अमेरिकेत हौस म्हणून घरी लिक्विड बनवणारी माणसं आहेत, आणि त्यातली बरीच जण हे काम आपल्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलपेक्षा जास्त शिस्तीनं करतात. मग प्रश्न पडतो की एवढी शिस्त पाळली तर बिघडतं कुठे? आज आपण तेच बघू. उपदेशाचा डोस देण्यापेक्षा थेट टेबलावरच्या बाटल्या उघडून बघू.

टेबलावर काय काय असतं?

पहिली बाटली प्रॉपिलीन ग्लायकॉलची. पातळ, जवळपास बिनवासाचं द्रव. औषधं, सौंदर्यप्रसाधनं आणि खाण्याचे इसेन्स यात ते सर्रास वापरलं जातं, कारण त्यात सुगंध नि चव छान विरघळते. दुसरी बाटली ग्लिसरीनची. दाट, किंचित गोड. व्हेपमधून ढगासारखा जो धूर निघतो तो मुख्यतः याचा. तिसऱ्या गटात छोट्या छोट्या बाटल्या, फ्लेवरच्या. आणि चौथी बाटली, जिच्याबद्दल सगळे हळू आवाजात बोलतात ती निकोटिनची.

तिकडचा हौशी माणूस बसतो तेव्हा आधी हातमोजे घालतो. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर दार लावून घेतो. टेबलावर सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा ठेवतो. मापाच्या सिरिंजपेक्षा काट्यावर विश्वास जास्त, कारण ग्लिसरीन दाट असल्यानं सिरिंजला चिकटून राहतं. शिवाय दोन्ही द्रवांचं वजन वेगळं. १० मिलीलीटर ग्लिसरीन साधारण साडेबारा ग्रॅम भरतं, तर तेवढंच प्रॉपिलीन ग्लायकॉल दहा ग्रॅमच्या थोडं वर. मिलीलीटर आणि ग्रॅममध्ये गल्लत केली की सगळं प्रमाण गेलं.

मग वहीत नोंद होते. तारीख, प्रमाण, कुठल्या फ्लेवरचं किती. बाटलीवर लेबल लागतं. बाटली हलवून अंधाऱ्या कपाटात ठेवली जाते, लोणचं मुरायला ठेवतो तशी. फळांच्या चवी काही दिवसांत जमतात, कस्टर्डसारख्या जड चवींना तीन-चार आठवडे लागतात. निकोटिनची मूळ बाटली फ्रीझरमध्ये जाते, कारण उजेड आणि हवा लागली की ते पिवळं, मग तपकिरी पडतं. शेवटी टेबल पुसलं जातं, मोजे कचऱ्यात जातात.

वाचायला भारी वाटतं की नाही? वाटणारच. मोजणं, मिसळणं, वाट बघणं, चव घेऊन पुन्हा बदल करणं यात एक खरी मजा आहे. आपल्याकडे शेंगा चटणीचंही तेच असतं. लसूण किती, तिखट किती, उखळात कुटायची किती वेळ, यावर सोलापुरातलं प्रत्येक घर आपापल्या मतावर ठाम. फक्त फरक एवढाच की चटणी अंदाजपंचे केली तर फार तर तिखट होते, आणि मग आपण वरून दही घेतो.

एका शून्याची गोष्ट

आता त्या चौथ्या बाटलीकडे या. घरगुती मिश्रणासाठी विकलं जाणारं निकोटिन बऱ्याचदा एका मिलीलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम इतकं तीव्र असतं. म्हणजे काय ते समजून घ्या. एक सिगारेट ओढल्यावर शरीरात साधारण १ ते २ मिलिग्रॅम निकोटिन जातं. म्हणजे चमच्याचा पाचवा भाग भरेल एवढ्या द्रवात पन्नासहून जास्त सिगारेटींचा ऐवज बसलेला असतो. तिथे एक दशांश चिन्ह इकडचं तिकडे झालं की ३ चे ३० होतात. दिसायला मिश्रण सारखंच, वासाला सारखंच. फरक कळतो तो डोकं गरगरायला लागल्यावर, उलट्या सुरू झाल्यावर.

शिवाय निकोटिनला आत शिरायला तोंडच लागतं असं नाही, ते कातडीतूनही जातं. ओल्या तंबाखूची पानं खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर, उलट्या असा त्रास होतो, त्या आजाराला वैद्यकशास्त्रात वेगळं नावच आहे, हरित तंबाखू आजार. आपल्याकडे शेतात मावा मारायला तंबाखूचा काढा फवारायची जुनी रीत होती, ती आजोबांना विचारा. किडा ज्यानं मरतो तेच रसायन इथे आंब्याच्या वासात बुडवून समोर ठेवलेलं असतं.

आणि या वासाचा घोळ मोठा आहे. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात एका वर्षाच्या मुलाचा द्रवरूप निकोटिन पोटात गेल्यानं जीव गेला. त्यानंतर तिथे खास कायदा करावा लागला की निकोटिनच्या बाटलीचं झाकण लहान मुलाला उघडता येणार नाही असंच असलं पाहिजे. युरोपीय संघानं तर त्याच वर्षी नियम केला की ग्राहकाला विकायच्या लिक्विडमध्ये एका मिलीलीटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन नको आणि बाटली १० मिलीलीटरपेक्षा मोठी नको. जिथे हे उघडपणे विकलं जातं तिथेही त्याला असं लगाम घालून ठेवलेलं आहे.

ग्लिसरीन म्हणजे नेमकं कुठलं ग्लिसरीन?

"निकोटिन घालूच नको ना मग. नुसतं ग्लिसरीन आणि इसेन्स. त्यात काय?" हा पुढचा डायलॉग. आणि इथे एक गोष्ट महाराष्ट्रानं फार महाग किंमत देऊन शिकलेली आहे.

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना उपचाराचा भाग म्हणून ग्लिसरीन देण्यात आलं. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी औद्योगिक रसायन मिसळलेलं होतं. मूत्रपिंडं निकामी होऊन १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली, औषध खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी कुठे कुठे सडली होती ते राज्यासमोर आलं. त्या रुग्णांनी चोरीचा माल घेतला नव्हता. त्यांना ते राज्यातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मिळालं होतं.

जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याचं औषध घेतल्यानं वीसहून जास्त लहान मुलं गेली. त्यातल्या अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार सुरू होते. त्या औषधातही तेच डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं. या रसायनाची दिसण्यात, दाटपणात, चवीत ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलशी गल्लत होते. ते स्वस्त असतं, म्हणून भेसळ होते. नाकानं, जिभेनं किंवा डोळ्यानं ते ओळखता येत नाही. प्रयोगशाळेतच कळतं. आणि व्हेपचा याच्याशी संबंध नाही असंही नाही. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ई-सिगारेटच्या काही कार्ट्रिज तपासल्या, तेव्हा एकीत हेच रसायन निघालं होतं.

आता विचार करा. ज्या देशात औषधात जाणाऱ्या द्रवाबद्दल इतकी खात्री करावी लागते, तिथे कुठल्या तरी ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेली, लेबलवर 'शुद्ध' छापलेली बाटली तुम्ही कशाच्या जोरावर शुद्ध मानणार? तुमच्याकडे सोनाराचा काटा असेलही. पण काटा वजन सांगतो. बाटलीत काय आहे ते सांगत नाही.

पॉपकॉर्नच्या कारखान्यात काय झालं?

समजा तेही जमलं. ग्लिसरीन अस्सल, निकोटिन शून्य, प्रमाण बिनचूक. उरला फ्लेवर. "तो तर खाण्याचाच आहे, केकमध्ये घालतात तो," असं तुम्ही म्हणाल. या एका वाक्यातच सगळी गोम आहे.

डायअसिटाइल नावाचा एक पदार्थ आहे. लोण्याची चव देतो. खाण्यात सुरक्षित मानला जातो. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्न बनवणाऱ्या एका कारखान्यात कामगार हाच लोण्याचा फ्लेवर मोठ्या पिंपात गरम करून मिसळायचे. २००० साली तिथल्या आठ माजी कामगारांना फुफ्फुसाचा एक दुर्मीळ आजार झाल्याचं समोर आलं. त्यात फुफ्फुसातल्या बारीक श्वासनलिका आकसून बंद होत जातात, आणि त्या पुन्हा उघडत नाहीत. या लोकांनी पॉपकॉर्न जास्त खाल्लं नव्हतं. त्यांनी त्याची वाफ छातीत घेतली होती. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी बाजारातले ५१ फ्लेवर तपासले, त्यातल्या ३९ मध्ये डायअसिटाइल सापडलं. कस्टर्ड, क्रीम, बटरस्कॉच अशा मलईदार चवींना तोच तर 'टच' देतो. ब्रिटन आणि युरोपात आता लिक्विडमध्ये तो घालायला मनाई आहे.

दुसरं उदाहरण २०१९ चं. अमेरिकेत धडधाकट तरुण मुलं अचानक दम लागून हॉस्पिटलात येऊ लागली, कित्येकांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाल्याची किंवा मृत्यू पावल्याची नोंद झाली, त्यात ६८ मृत्यू होते. शोध घेतल्यावर मुख्य संशयित निघाला व्हिटॅमिन ई असिटेट. ५१ रुग्णांच्या फुफ्फुसातलं द्रव तपासलं तर ४८ जणांत तो सापडला. गांजाचा अर्क भरलेल्या, बहुतेक चोरट्या बाजारातल्या काडतुसांमध्ये दाटपणा यावा म्हणून कुणीतरी तो मिसळलेला होता. हाच पदार्थ क्रीममध्ये असतो, गोळ्यांमध्ये असतो. चेहऱ्याला लावा, गिळा, काही होत नाही. श्वासात ओढला की फुफ्फुस सुजतं.

असं का? कारण पोट आणि फुफ्फुस ही दोन वेगळी दारं आहेत. तोंडावाटे गेलेल्या वस्तूला पोटातलं आम्ल भेटतं, आतडं भेटतं, आणि रक्तात मिसळण्याआधी यकृताची चौकी लागते. फुफ्फुसात तशी चौकी नाही. तिथे हवेच्या पिशव्यांची भिंत एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असते. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. सगळ्या पिशव्या उलगडून पसरल्या तर साधारण ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटएवढी. एवढा मोठा दरवाजा सताड उघडा, आणि आत शिरलं की थेट रक्त. शिवाय तेलकट इसेन्स असेल तर तेलाचे कण तिथेच अडकून न्यूमोनियासारखा त्रास देतात. म्हणूनच अमेरिकेतल्या फ्लेवर बनवणाऱ्या उद्योगाच्या संघटनेनं स्वतःच स्पष्ट केलंय की आम्ही सुरक्षित म्हणतो ते खाण्यासाठी, ओढण्यासाठी नव्हे.

आणि अजून यंत्र चालूच केलेलं नाही. आत असते तापलेली कॉइल. कढईत तेल जास्त तापून धुरकटलं की स्वयंपाकघरात सगळे खोकायला लागतात, डोळे चुरचुरतात. त्या धुरातलं एक झोंबरं रसायन म्हणजे अॅक्रोलिन. ग्लिसरीन जास्त तापलं की तेच तयार होतं. जोडीला फॉर्मल्डिहाइड. म्हणजे बाटलीत तुम्ही मोजून घातलेल्या चार वस्तू छातीत जाईपर्यंत चारच राहत नाहीत. वहीत ज्यांची नोंदच नाही असे पाहुणे वाटेत येऊन मिळतात.

सोलापूरला निकोटिन नवं नाही

व्हेपच्या जाहिरातीत ते भविष्यातलं काहीतरी दाखवतात. निऑन लाइट, चकचकीत धातू, हुडी घातलेला पोरगा. पण आत जे व्यसन लावणारं रसायन आहे त्याची आपल्या शहराशी फार जुनी ओळख आहे. पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत दुपारी चक्कर मारा. उंबऱ्याशी बसलेली बाई, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी कापून ओली केलेली तेंदूची पानं. बोटं थांबत नाहीत, कारण मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं मिळते. सोलापुरात हजारो बायकांनी अशा विड्या वळून घर चालवलं, पोरांना शिकवलं. कुंभारीत कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावानं विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये ती घरं त्यांच्या ताब्यात आली. ती लढून मिळवलेली घरं आहेत. या पानावर वाचणाऱ्यांपैकी काहींची आजी त्याच सुपावर बसलेली असेल.

त्या आजीला कुणी निकोटिन म्हणजे काय ते सांगितलं नव्हतं. तंबाखूची धूळ तिच्या बोटांत, नाकात, अंगावरच्या साडीत रोज जात राहिली. तिच्यापुढे पर्याय नव्हता, पोटाचा प्रश्न होता. आता तिचा नातू इंजिनिअरिंगला जातो आणि तेच रसायन ब्लूबेरीच्या वासाचं, स्वतःच्या खिशातले पैसे घालून छातीत भरतो, ही गोष्ट जरा डोक्यात फिरवून बघा.

महाराष्ट्रात तंबाखू तशीही धुराच्या वाटेनं कमी आणि चघळण्याच्या वाटेनं जास्त जाते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या २६.६ टक्के प्रौढ लोकांना तंबाखूची सवय असल्याचं दिसलं, पण त्यात ओढणारे होते ३.८ टक्के, तर चघळणारे-मळणारे २४.४ टक्के. त्याच पाहणीत देशभरात ई-सिगारेट ओढणारे होते फक्त ०.०२ टक्के. व्हेप विकणाऱ्याच्या नजरेनं हा आकडा वाचा. त्याला इथे सिगारेट सोडणारं गिऱ्हाईक थोडंच मिळणार? त्याला हवा असतो अजून काहीच न ओढणारा, अठरा-एकोणीस वर्षांचा, 'फक्त फ्लेवर' म्हणून हात पुढे करणारा. तरुण वयात, साधारण पंचविशीपर्यंत, मेंदूची बांधणी चालूच असते, आणि निकोटिनचा झुरका काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतो. सवय लवकर लागते नि घट्ट लागते.

कायदा काय म्हणतो?

भारतात १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, निर्मिती, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दोन पळवाटा नेहमी ऐकू येतात. पहिली म्हणजे "माझ्यात निकोटिनच नाही." कायद्याच्या व्याख्येत निकोटिन असो वा नसो, असंच लिहिलंय. दुसरी, "मी विकत नाही, फक्त जुळवतो." यंत्र किंवा त्याचा कुठलाही भाग बनवणं, जोडणं हेसुद्धा निर्मितीत धरलंय. मित्राला दोन यंत्रं आणून दिली, वर थोडे पैसे घेतले, की विक्रीही झाली. डिग्रीनंतर पासपोर्ट, नोकरी, पोलिस व्हेरिफिकेशन हे सगळं समोर असताना एका फ्लेवरपायी नावावर गुन्हा लावून घ्यायचा का, हा हिशेब तुमचा तुम्ही करा.

"मग इंग्लंडमध्ये कसं चालतं?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. तिथली आरोग्य यंत्रणा म्हणते की आधीच सिगारेट ओढणाऱ्या माणसासाठी व्हेप हे सिगारेटपेक्षा कमी वाईट. सिगारेट सोडायला त्याचा उपयोग होतो असे चांगले अभ्यासही आहेत. पण तेच लोक पुढचं वाक्यही तितक्याच ठासून सांगतात, की जो ओढत नाही त्यानं याच्या वाटेलाच जाऊ नये. शाळकरी पोरं नादी लागली म्हणून १ जून २०२५ पासून ब्रिटननं वापरून फेकायच्या व्हेपवर बंदीच घातली. रीलमध्ये पहिलं वाक्य येतं, दुसरं कापलं जातं.

मग हौसेचं काय करायचं?

मिसळण्याची, मोजण्याची, जमवण्याची खाज असेल तर ती मारू नका. ती चांगली खाज आहे. फक्त वाट बदला. रमजानात विजापूर वेशीत बाजार फुलतो तेव्हा अत्तराच्या ओळीनं मांडलेल्या कुप्या बघा. मोगरा, गुलाब, खस, ऊद. घरी अत्तर जुळवण्याचा छंद जवळजवळ त्याच सामानावर चालतो. तोच बारीक काटा, ड्रॉपर, छोट्या काचेच्या बाटल्या, लेबल आणि वही.

सुरुवात तीन वासांनी करा. लिंबू-संत्र्यासारखा पटकन उडणारा एक, मोगऱ्या-गुलाबासारखा मधला एक, आणि चंदन-खसासारखा टिकणारा एक. बिनवासाच्या तेलात थेंब मोजून घाला आणि प्रत्येक थेंब वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय केल्यानं बरं झालं ते कधीच कळणार नाही. दोन-तीन आठवडे अंधारात ठेवून पुन्हा वास घ्या, मिश्रण बदललेलं असेल. सुगंधी तेलं तीव्र असतात, म्हणून ती सौम्य करूनच वापरा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दिवसभर थांबा. लाल झालं, खाजलं तर ते मिश्रण बाद. आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की बघा, तुमचा लिंबाचा वास घराच्या दारापर्यंतही टिकत नाही, खस मात्र संध्याकाळपर्यंत सोबत करतो. सोलापूरच्या उन्हात टिकणारं अत्तर जमवणं हे कुठल्याही मँगो आइसपेक्षा अवघड आणि मजेदार काम आहे.

वासात रस नसेल तर सरबतं आहेत. कोकम, पन्हं, खस, आवळा. साखर किती, मीठ किती, जिरं भाजून की कच्चं, याची वही ठेवा आणि उन्हाळ्यात मित्रांना टेस्टिंगला बोलवा. फसलं तर कुणाला हॉस्पिटल गाठावं लागत नाही.

सवय लागलीच असेल तर

कुणाला आधीच लागलेली असेल, तर लाजायचं कारण नाही. निकोटिन सोडताना चिडचिड, झोप न लागणं, सारखी तलफ येणं हे होतंच. पहिले काही दिवस सगळ्यात कठीण असतात, मग ती लाट उतरत जाते. एकट्यानं झेपत नसेल तर तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. फोनला पैसे पडत नाहीत. व्हेप ओढल्यावर छातीत दुखलं, दम लागला, ताप-उलट्या सुरू झाल्या तर डॉक्टरांना खरं काय ओढलं ते सांगा. लपवलंत तर ते साध्या न्यूमोनियाचे उपचार करत बसतील. मित्राच्या हातावर तीव्र लिक्विड सांडलं तर आधी कपडे काढून भरपूर पाण्यानं धुवा. कुणाच्या पोटात गेलं तर घरगुती उपायात वेळ न घालवता बाटलीसकट हॉस्पिटल गाठा.

आणि पुढच्या वेळी तो तज्ज्ञ मित्र "चारच तर वस्तू लागतात" म्हणाला, की त्याला एवढंच विचारा, की यातली कुठली वस्तू श्वासात ओढण्यासाठी बनवलेली आहे? आणि उत्तर यायच्या आत बाटली खाली ठेवा.